‘आ’ लावला की बेस जातो

ताई,
मी २६ वर्षांची आहे, पुण्यात सहकारनगरला राहते. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार एका ऑर्केस्ट्रात गाते. भावगीतं, लावण्या, जुनी हिंदी गाणी असा आमचा कार्यक्रम असतो. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपनं स्टेजवरचे फ्लोअर मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) काढले आणि सगळे इन-इअरवर, म्हणजे कानात घालायच्या मॉनिटरवर गेलो. मी साडेआठ हजारांचे युनिव्हर्सल, म्हणजे सगळ्यांना बसणारे घेतले, शुअरचे एसई २१५. घरी गाणी ऐकायला छान वाटतात. पण स्टेजवर वरच्या सुरांत गायला लागले की बेस गायब होतो, सगळं पत्र्यासारखं वाजतं, आणि मी कमरेला लावलेल्या पॅकचा आवाज वाढवत जाते. आमच्या ड्रमरनं कानाचं माप देऊन ६५ हजारांचे कस्टम करून घेतलेत, चार ड्रायव्हरचे, म्हणजे आत चार बारीक स्पीकर असलेले. तो म्हणतो, साउंड क्वालिटीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याचे माझ्या कानात बसत नाहीत, म्हणून ऐकूनही बघता येत नाही. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. खरंच एवढा फरक असतो का? आणि अजून एक. गेल्या दोन-तीन कार्यक्रमांनंतर रात्री झोपताना कानात बारीक कुई असा आवाज येतो. सकाळपर्यंत जातो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?
– स., सहकारनगर

प्रिय स.,

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेते. ६५ हजारांचा निर्णय दोन महिने थांबला तरी चालेल, कानातली कुई थांबवून ठेवता येत नाही.

कार्यक्रमानंतर असा आवाज येणं म्हणजे आतल्या कानातल्या नाजूक पेशींवर सोसवेल त्याहून जास्त ताण पडला आहे. सकाळपर्यंत तो जातो म्हणून आपण विसरतो. पण दर वेळी सगळं पूर्ण भरून येतंच असं नाही, आणि त्या पेशी एकदा गेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा येत्या शनिवारच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओग्राम काढून घे. फार वेळ लागत नाही. एका बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात आणि वेगवेगळ्या उंचीचे अगदी बारीक आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. मोठ्या आवाजानं झालेलं नुकसान त्या आलेखात बहुतेक वेळा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात खड्ड्यासारखं दिसतं. खड्डा नसला तर फारच उत्तम, तरी तो कागद फाइलला लावून ठेव. दर वर्षी नवीन आलेख त्याच्या शेजारी ठेवून बघता येतो. गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाकडे असा कागद असायला हवा असं मला फार मनापासून वाटतं. आपण गळ्याची एवढी काळजी घेतो, थंड पाणी पीत नाही, जागरणं टाळतो. ज्या कानावर सूर तोलतो त्याची तपासणी मात्र वीस-वीस वर्षं होत नाही.

आकडे माहीत असलेले बरे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी ‘नायॉश’ नावाची सरकारी संस्था आहे. तिचा हिशोब असा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. १०० डेसिबलला पोचलो की फक्त १५ मिनिटं. तुमचा कार्यक्रम मध्यंतर धरून तीन तासांचा असणार, त्याआधी साउंडचेक. ड्रमसेटजवळ काटा १०० च्या पुढे सहज जातो, आणि त्याच्या वर तुझं गाणं तुला ऐकू यावं म्हणून तू पॅकचं बटण फिरवत असतेस. म्हणजे संबंध आहे का, याचं उत्तर आहे हो. तो कसा आहे ते कळलं की कस्टम की युनिव्हर्सल याचंही उत्तर बरंचसं मिळेल.

आज रात्री घरी एक प्रयोग कर. इन-इअर बाजूला ठेव. करंगळी कानात हलकेच घाल आणि जबडा सावकाश उघड, मीट, पुन्हा उघड. बोटाला कानाची पुढची भिंत सरकताना लागेल. जबड्याचा सांधा कानाच्या नळीच्या अगदी पुढ्यात आहे; तोंड मोठं उघडलं की सांध्याचं टोक पुढे घसरतं आणि नळीची मऊ भिंत त्याच्या मागे ओढली जाते. बहुतेकांच्या कानात नळी तेवढ्यापुरती रुंद होते. कुणाच्या एकाच कानात जास्त होते, कुणाच्या दोन्हीत.

आता इन-इअर घाल. फोनवर तंबोरा लाव, तू काळी चार किंवा पाचला गात असशील. या पट्टीत खर्जाची तार १०० हर्ट्झच्या जरा वर वाजते, म्हणजे तीही बेसच्याच मुलखातली. आधी तोंड मिटून ऐक. मग आवाज न काढता, नुसता तारसप्तकातला सा लावायचा तसा ‘आ’ कर. खर्ज पातळ झाला? जव्हारी तशीच, वरची झणझण तशीच, पण खालचा गाभा निघून गेला? तसं असेल तर तुझा बेस कुठे जातो ते सापडलं. तो मिक्सरमध्ये असतो, पॅकमध्ये असतो, ड्रायव्हरमधूनही निघतो. तुझ्या कानातून तो गळतो.

असं का होतं ते सायकलच्या पंपावरून कळतं. पंपाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून दट्ट्या ढकलला तर आत दाब तयार होतो. अंगठा किंचित सैल केला की तोच दट्ट्या, तीच ताकद, आणि हवा फुस्सदिशी बाहेर. इन-इअरचा इवलासा ड्रायव्हर हा दट्ट्या आहे, आणि तुझ्या कानाच्या पडद्यापुढे अडकलेली जराशी हवा म्हणजे तो पंप. खालचे सूर ऐकू यायला ती हवा बंदिस्त लागते. टिपच्या, म्हणजे कानात जाणाऱ्या मऊ टोपीच्या, कडेनं केसाएवढी फट पडली तरी आधी जातो तो बेस. मधले आणि वरचे सूर मात्र त्या फटीला फारसे जुमानत नाहीत.

तुझं नुकसान इथेच होतं आहे. बेस कमी झाला म्हणून तू आवाज वाढवतेस. पण वाढवलेल्या आवाजातला बेस तर फटीतून जातोच. तुझ्या पदरात काय पडतं? जे कमी झालंच नव्हतं ते: झांजांची धार, गिटारचा कडकडाट, तुझ्याच आवाजाची वरची तीक्ष्ण बाजू. माणसाचा कान २ ते ५ हजार हर्ट्झला सगळ्यात हळवा असतो आणि तू नेमकं तेच वाढवते आहेस. शिवाय ज्या फटीतून बेस बाहेर जातो तिच्यातूनच स्टेजवरचा ड्रम आत येतो, म्हणून आणखी वाढवावंसं वाटतं. तीन तास.

आता ड्रमरचं म्हणणं. त्यानं जे ऐकलं ते खरंच ऐकलं असणार, त्यावर मला शंका नाही. पण त्यानं कस्टम आणि युनिव्हर्सल यांची तुलना केली असं मी म्हणणार नाही. आधी त्याच्याकडे एक ड्रायव्हरवालं काहीतरी असेल, नंतर चार ड्रायव्हरचं वेगळ्या घडणीचं आलं. सतार खाली ठेवून सरोद हातात घेतलं आणि खोळ बदलली म्हणून आवाज बदलला असं म्हटलं, तर ते कसं वाटेल? तुलना करायची तर एकाच मॉडेलचे दोन्ही प्रकार हवेत: आत तेच ड्रायव्हर, तोच क्रॉसओव्हर (वरचे-खालचे सूर ड्रायव्हरमध्ये वाटून देणारं सर्किट), एकाचं कवच सगळ्यांसाठीचं, दुसऱ्याचं कानाच्या मापाचं. काही कंपन्या एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत विकतात, आणि मॉनिटर मिक्सिंगच्या कामात मला अशा जोड्या शेजारी शेजारी ऐकायला मिळाल्या आहेत.

शांत खोलीत बसून, तोंड मिटून, योग्य टिप घट्ट बसवून ऐकलं तेव्हा बेसमध्ये मला सांगण्यासारखा फरक सापडला नाही. फरक सापडला वरती, ‘स’, ‘श’ आणि ‘च’च्या मुलखात. ‘चांदणं’ म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं तो आवाज एकात कुरकुरीत होता, दुसऱ्यात मऊ. कारण असं की कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असते. इन-इअरचं तोंड तिच्यात किती आत जातं त्यावर उरलेल्या हवेचा स्वतःचा सूर ठरतो. बासरीवर बोट पुढेमागे केल्यासारखंच ते. बहुतेक इन-इअरमध्ये हे शिखर ८ हजार हर्ट्झच्या आसपास येतं, खोल घातलं की वर सरकतं. कस्टममध्ये तोंड रोज त्याच जागी येतं. युनिव्हर्सल आज दोन मिलिमीटर आत, उद्या दोन मिलिमीटर बाहेर, आणि तेवढ्यानं ‘श’ बदलतो.

मग कस्टमचा ‘श’ चांगला होता का? एका जोडीत हो, दुसऱ्या जोडीत मला युनिव्हर्सलच जास्त आवडलं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या आवाजाच्या गुणवत्तेसाठी, शांत खोलीत, कस्टम आपोआप वरचढ नसतं. ते जास्त भरवशाचं असतं. काल जे ऐकलं तेच आज ऐकू येतं, घामेजलेल्या कानात, डोलत, हात वर करून गातानाही तेच. स्टेजवर या भरवशाची किंमत फार मोठी आहे. पण तुझा मित्र साउंड क्वालिटी म्हणतो ती गोष्ट वेगळी.

हा भेद या वस्तूच्या इतिहासातही आहे. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी १९९५ मध्ये ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले, आणि त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. त्यांच्यापुढची अडचण स्टेजवरच्या गोंगाटाची होती. घरी बसून नितळ आवाज ऐकायचा ध्यास त्याआधीचा, आणि तो युनिव्हर्सलमध्ये पुरा झाला: एटिमोटिक या श्रवणशास्त्रातल्या लोकांच्या कंपनीनं १९९१ मध्ये ईआर-४ आणलं, तीन मजली रबरी टिपचं. तेव्हा युनिव्हर्सल म्हणजे गरिबाचं कस्टम हा समज मनातून काढून टाक.

किमतीचंही तसंच. २०१७ मध्ये जेरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोन आणि इअरफोन मोजले आणि त्यांच्या फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे कुठला सूर किती मोठा वाजतो याचा, विक्रीच्या किमतीशी संबंध लागतो का ते पाहिलं. लागला नाही. ड्रायव्हर किती, या आकड्यावरही जाऊ नकोस. एकात अनेक बसवतात त्या बारीक ड्रायव्हरना बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात, ते मुळात श्रवणयंत्रांसाठी बनले. चार चांगले जुळवले तर चार, नाही तर साध्या स्पीकरसारखा एक चांगला डायनॅमिक ड्रायव्हर त्यांच्यापेक्षा सरस वाटतो. उलट चार-सहा ड्रायव्हरवाल्यांची एक खोड लक्षात ठेव. त्यांचा विद्युत रोध दर फ्रीक्वेन्सीला बदलतो, त्यामुळे ज्या पॅकचा स्वतःचा आउटपुट रोध जास्त आहे त्यावर त्यांचा सगळा तोलच बदलतो. घरी फोनच्या चांगल्या डोंगलवर मखमली वाटलेलं कस्टम तुमच्या ग्रुपच्या बेल्टपॅकवर बोचरं वाटू शकतं. तुझ्या एसई २१५ मध्ये एकच डायनॅमिक ड्रायव्हर आहे, त्याला हा त्रास जवळजवळ नाही.

बाहेरचा आवाज अडवण्यात तरी कस्टम पुढे असेल असं वाटतं ना? कंपन्यांचेच आकडे बघ. अल्टिमेट इअर्स आपल्या कस्टमसाठी २६ डेसिबल सांगते. शुअर तुझ्या एसई २१५ साठी ३७ डेसिबलपर्यंत सांगते. मोजायच्या पद्धती वेगळ्या असतील, आणि ‘पर्यंत’ या शब्दात टिप अगदी नीट बसली पाहिजे ही अट आहे. तरी कडक ॲक्रिलिकच्या कवचापेक्षा फुगून कानभर बसणारा फोम जास्त अडवतो यात नवल नाही.

म्हणून पहिला खर्च टिपचा. बहुतेक लोक बॉक्समधून निघालेली मधल्या मापाची सिलिकॉन टिप लावतात आणि जन्मभर तीच वापरतात. तू फोमच्या टिप घे, मधलं आणि मोठं अशी दोन मापं, आणि दोन्ही कानांना वेगळं माप लागलं तर लागू दे. माझ्या डाव्या कानाला मोठी लागते. टिप ज्यावर बसते ती शुअरची नळी इतर बऱ्याच कंपन्यांपेक्षा बारीक असते, त्यामुळे तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात केबल किंवा कन्व्हर्टर घ्यायला गेलीस तर समोर ठेवलेली कुठलीही फोमची जोडी उचलू नकोस, शुअरच्या नळीला बसणारीच माग. घालताना फोम बोटांच्या चिमटीत वळून सुतळीसारखा बारीक कर. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा बाहेरचा भाग वर आणि मागे ओढ, म्हणजे कानाची नळी सरळ होते. मग आत सरकव आणि फोम फुगेपर्यंत बोटानं धरून ठेव, मनात वीसेक आकडे मोज. घाई केलीस तर तो बाहेरच फुगतो आणि सगळं फुकट. घामानं आणि मळानं फोम कडक होतो, काही आठवड्यांनी बदलावा लागतो. एवढं करून पुन्हा तंबोरा लाव आणि पुन्हा ‘आ’ कर.

माझा अंदाज आहे, तुझा अर्धाअधिक बेस इथेच परत येईल.

मग तुमच्या साउंडवाल्यांशी बोल, पण साउंडचेकच्या गडबडीत नको, आधी फोनवर. तुझा पॅक मोनो आहे की स्टिरिओ ते विचार. बऱ्याच ऑर्केस्ट्रांमध्ये चॅनेल वाचवायला मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच मिक्स देतात. मग ढोलकी, कीबोर्ड, बेस, सहगायक आणि तू, सगळे डोक्याच्या मधोमध एकमेकांच्या अंगावर बसतात. अशा गर्दीत स्वतःला ऐकायचा एकच मार्ग उरतो, आवाज वाढवणं. स्टिरिओ मिळालं तर कीबोर्ड थोडा डावीकडे, गिटार उजवीकडे, ढोलकी जराशी बाजूला, आणि मध्ये तू. गर्दी पांगली की आहे त्याच आवाजात तुझा सूर तुला स्वच्छ दिसेल. ६५ हजारांच्या कस्टमला मोनोतली गर्दी पांगवता येत नाही. पॅकमध्ये लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) असेल तर तो चालू आहे ना तेही विचार. माइक पडला किंवा फीडबॅक आला तर तोच कान वाचवतो.

आणि श्रोत्यांचा आवाज. यशवंतराव किंवा बालगंधर्व अशा नाट्यगृहांत लावणीवर शिट्ट्या पडतात, भावगीताच्या एखाद्या जागेवर पहिल्या रांगेतून ‘वा’ येते, आणि कान बंद असल्यानं गाणाऱ्यापर्यंत ती पोचतच नाही. त्या एकटेपणाला कंटाळून कितीतरी गायक एक कान काढून ठेवतात. तू हे लिहिलं नाहीस, पण करत असशील तर आजपासून बंद कर. काढलेला कान स्टेजचा पूर्ण मार खातो, आणि घातलेल्या कानात आवाज आणखी वाढवावा लागतो, कारण दोन कानांनी ऐकताना तोच आवाज मोठा वाटतो, एकानं लहान. त्याऐवजी रंगमंचाच्या कडेला श्रोत्यांकडे तोंड करून दोन माइक लावून घे आणि ते फक्त इन-इअरच्या मिक्समध्ये हळू सोडायला सांग. दाद परत ऐकू आली की गाणं बदलतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

टिप आणि मिक्स, या दोन्ही गोष्टी करून चार कार्यक्रम गा. शेवटच्या लावणीपर्यंत बेस टिकला आणि पॅकचं बटण पहिल्या गाण्याला होतं तिथेच राहिलं, तर तुला कस्टम नको. एफडी राहू दे.

फोम लावूनही तारसप्तकात फट पडतच असेल, तर मात्र कानाच्या मापाचं काहीतरी घ्यावं, आणि गायकासाठी हे कारण पुरेसं आहे. पण तिथेही पूर्ण कस्टमच्या आधी एक मधली पायरी आहे. तुझे एसई २१५ तसेच ठेवून त्यांच्यावर चढवायच्या सिलिकॉनच्या स्लीव्ह कानाच्या मापानं करून मिळतात. ड्रायव्हर तेच, आवाज ओळखीचा, बाहेरचा आकार तुझ्या कानाचा. सिलिकॉन मऊ असल्यानं जबड्याबरोबर थोडं हलतं, ॲक्रिलिक हलत नाही. खर्च नव्या कस्टमच्या छोट्या हिश्शात होतो. उद्या मॉनिटर बिघडला किंवा दुसरं मॉडेल घेतलंस, तरी गेली ती फक्त स्लीव्ह. पूर्ण कस्टम दुसऱ्याला सहजासहजी विकता येत नाही, आणि वजन बरंच कमी-जास्त झालं किंवा वर्षं गेली की कानही बदलतो. तुझ्या जागी मी असते तर स्लीव्हच केल्या असत्या.

मापाचं मात्र मनावर घे, स्लीव्ह असो वा कस्टम. माझं पहिलं कस्टम मी कीबोर्ड वाजवत आणि कोरसमध्ये गात होते तेव्हाचं. ज्या क्लिनिकमध्ये माप घेतलं तिथे रोज श्रवणयंत्रांचे साचे होत, आणि तसंच माझंही घेतलं: शांत बसा, तोंड मिटा. दोन महिन्यांनी मॉनिटर आले. खुर्चीत बसून ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं, इतकं सुंदर वाजत होतं. पहिल्याच कार्यक्रमात कोरसचा वरचा सूर लावला आणि उजव्या कानातून बेस गाडीतून उतरल्यासारखा निघून गेला. पुन्हा माप, पुन्हा कंपनीकडे पाठवणं, आणखी दीड महिना. चूक त्यांचीही, आणि मी गाते हे न सांगितल्यामुळे माझीही.

तेव्हा ऑडिओलॉजिस्टकडे वेळ घेतानाच सांग की हे गाण्यासाठी आहे, तोंड उघडं ठेवून माप हवंय. ते आधी दुर्बिणीसारख्या ऑटोस्कोपनं कानात बघतील. मळ असेल तर तो काढून मगच पुढे. मग दोऱ्याला बांधलेला कापसाचा किंवा स्पंजचा छोटा बोळा आत सरकवतील. तो पडद्याचं रक्षण करतो, आणि माप किती खोल जाणार तेही त्यावरच ठरतं. त्याला नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे ठेवायला सांग. माप आखूड झालं तर मॉनिटर कानाच्या मऊ भागातच अडकतो, आणि गाताना स्वतःचा आवाज कानाला दडे बसल्यासारखा घुमतो. पुढच्या हाडाच्या भागापर्यंत गेला की घुमणं बरंच कमी होतं. कस्टम घेऊन गायला न जमलेल्या अनेकांची तक्रार हीच असते.

बोळ्यानंतर पिचकारीनं सिलिकॉन भरतात. गार लागतं, कान भरून येतो, रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा लांब जातात. दातांत धरायला ठोकळा देतील, तो तुझ्या ‘आ’ एवढा आहे का बघ. लहान असेल तर मोठा माग. सिलिकॉन घट्ट व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, तेवढा वेळ जबडा हलवायचा नाही. बाहेर काढलेलं माप हातात घेऊन स्वतः बघ, बुडबुडा किंवा खाच असेल तर लगेच दुसरं घ्यायला सांग. पण हे सगळं सुरू व्हायच्या आधी, ठोकळा दातांत जाण्यापूर्वी, त्यांच्यासमोर एकदा तारसप्तकातला सा लावून दाखव. बाहेर पेशंट बसलेले असतील, असू देत. तुझा जबडा किती उघडतो ते त्यांना दिसलं पाहिजे.

– तुझी ताई